व्हिडिओ बघून समजतं, पण सोडवता येत नाही

मुलगी गणित व्हिडिओ बघूनच शिकते, बघताना सगळं कळतं म्हणते पण वही पुढे घेतली की पहिल्याच पायरीला अडते. काय करू?

> बघणं म्हणजे शिकणं नव्हे हो. उजळणी नसेल तर माणूस किती पटकन विसरतो हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलंय. व्हिडिओ मध्येच थांबवा, पुढची पायरी तिलाच लिहू द्या, चुकली तरी चालेल, मग प्ले करा.

> +१. २०१२ मध्ये कोर्सेरा, एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइट आल्या तेव्हापासून मी कितीतरी कोर्स अर्धवट सोडलेत, पूर्ण झाला तो एकच, कारण आम्ही चौघं रोज रात्री एकमेकांची उत्तरं तपासायचो. मैत्रीण जोडून द्या तिला.

थांबवून बघितलं आज! कंस सोडवताना वजाचं चिन्ह आतल्या दुसऱ्या पदाला लावायलाच विसरते ती. मनापासून थँक्स.