क्नूट बाटलीवर वाढला म्हणून लवकर गेला का?

हिमकण: बर्लिनच्या प्राणीसंग्रहालयातलं ध्रुवीय अस्वल क्नूट १९ मार्च २०११ रोजी गेला, तेव्हा जेमतेम सव्वाचार वर्षांचा होता. बंदिवासातली ध्रुवीय अस्वलं पंचवीस-तीस वर्षं काढतात. आईने टाकलेलं पिल्लू माणसाने वाढवलं, त्यात काही चुकलं का?

पालथं_पिल्लू: मृत्यूशी त्याचा संबंध नाही. पण तसं पिल्लू जगवणं अवघडच. त्याच्या आईने, टोस्काने, ५ डिसेंबर २००६ ला दोन पिल्लं दिली आणि दोन्ही टाकली. दुसरं चार दिवसांत गेलं. क्नूट ८१० ग्रॅमचा, ४४ दिवस इन्क्युबेटरमध्ये. त्याचे रखवालदार थॉमस डॉर्फलाइन तिथेच मुक्काम ठोकून दर दोन तासांनी बाटली देत. बाटलीत तान्ह्या बाळांचं पावडरचं दूध, कॉड माशाच्या यकृताचं तेल आणि जीवनसत्त्वं.

तेल कशाला? अस्वलिणीच्या दुधात स्निग्धांश ३० टक्क्यांच्या आसपास, गाईच्या दुधात ४. शिवाय तिच्या दुधात लॅक्टोज अगदी कमी, त्यामुळे नुसतं गाईचं दूध दिलं की हगवण ठरलेली. पाजताना पिल्लू पालथं, डोकं किंचित वर. बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात उतरून न्युमोनिया होतो. आणि नवखे विसरतात ते हे: पाजून झालं की ओल्या कापसाने शेपटीखाली हलकेच चोळायचं. आई चाटते त्याची ही नक्कल. त्याशिवाय शी-शू होत नाही.

चेतातंतू: मृत्यूचं कारण मेंदूत होतं. लोकांसमोर तो गोल गोल फिरला, मागचा पाय थरथरला, झटका आला आणि पाण्यात पडून बुडाला. शवविच्छेदनात मेंदूला सूज दिसली. आधी विषाणूचा संशय होता, पण तो सापडला नाही. २०१५ मध्ये उलगडा झाला: मेंदूभोवतीच्या द्रवात एनएमडीए रिसेप्टरविरुद्धची (मेंदूच्या पेशींवरचे संदेश घेणारे रेणू) प्रतिपिंडं होती. म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर उलटली होती. माणसाखेरीज दुसऱ्या प्राण्यात हा आजार तेव्हा पहिल्यांदाच नोंदला गेला.

हिमकण: मग आधी कळलं असतं तर वाचला असता?

चेतातंतू: माणसांत स्टेरॉइड वगैरे देऊन बरेच रुग्ण सुधारतात. अस्वलाच्या मणक्यातून द्रव काढायचा तर आधी पूर्ण भूल द्यावी लागते. आणि तेवढी जोखीम घ्यायला काहीतरी लक्षण दिसायला हवं.

पालथं_पिल्लू: हाताने वाढवण्याची खरी किंमत वागण्यात मोजावी लागते. बाकीच्या अस्वलांशी कसं वागायचं, कुठे माघार घ्यायची, हे आई शिकवते. बाटली नाही.