फीडबॅकमधली कुठली तक्रार मनावर घ्यायची? मदत हवी आहे

नमस्कार. मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवते. या सत्राच्या फीडबॅकमध्ये पाचपैकी सरासरी ३.४ आली. वर्गात ६२ मुलं, फॉर्म भरले १७ जणांनी, त्यामुळे आकड्याचं एवढं काही नाही. लेखी अभिप्रायांनी मात्र झोप उडवली आहे.

"मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच गणितं सोडवायला लावतात," असं चौघांनी लिहिलंय. गेल्या वर्षापासून मी तासाची शेवटची वीस मिनिटं तिघातिघांचे गट करून उदाहरणं सोडवून घेते. आधी मुलं निष्कर्षाचं वाक्य पाठ करून यायची. आता आकडे बदलून दिले तरी अर्थ सांगतात. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा २०१९चा अभ्यासही वाचला होता. स्वतः सोडवत शिकलेल्या मुलांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. म्हणून गटकाम बंद करावंसं वाटत नाही. पण त्याच अभ्यासाची ढाल करून मी खऱ्या तक्रारीकडे काणाडोळा करत नाही ना, ही भीती आहे.

कारण एका फॉर्मवर असंही आहे: "फळा पुसायची घाई करता. आकृती वहीत उतरेपर्यंत अर्धी गेलेली असते." अगदी खरं आहे. आणि हे मला कळलं सत्र संपल्यावर! ज्याने लिहिलं त्याला काय उपयोग?

पुढच्या सत्रात पाचव्या आठवड्यातच निनावी चिठ्ठ्या घेणार आहे. "शिकवणं कसं वाटतं?" विचारलं की "छान" एवढंच येतं. तुम्ही नेमकं काय विचारता? अक्षर ओळखू येईल म्हणून मुलं कचरतात, त्यावर काय करता?

प्रतिसाद:
दोनच प्रश्न ठेवा. कशामुळे समजायला मदत होते? काय बदललं तर जास्त समजेल? चिठ्ठ्या तुम्ही घेऊ नका. एखाद्या सहकाऱ्याला दहा मिनिटं वर्गात पाठवा, तुम्ही बाहेर थांबा, मुद्दे त्यांनी टाइप करून द्यावेत. मग दोघांनी बसून वाचा. पीटर कोहेन या संशोधकाने १९८०मध्ये विद्यार्थ्यांच्या फीडबॅकवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. नुसते आकडे हाती पडलेल्या शिक्षकांपेक्षा, कुणाशी तरी बोलून ते समजून घेतलेल्यांमध्ये सुधारणा जास्त दिसली.

आणि पुढच्याच तासाला वर्गाला सांगा: हे बदलतेय, गटकाम ठेवतेय, कारण हे. फळ्याचं मात्र सत्राच्या पहिल्या दिवसापासूनच सांभाळा.