सात सीटर गाडी, घाटाचा रस्ता, आठ माणसं: कुणाला कुठे बसवू?

कोयनाकाठ
नमस्कार. पुढच्या शनिवारी पुण्याहून गुहागरला लग्नाला निघायचंय. उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण असा रस्ता. गाडी घरचीच सात सीटर: पुढे दोन, मधे तिघांचा बाक, मागे दोन. माणसं मात्र आठ. मी, नवरा, सासू-सासरे, माझी आई (खुब्याचं ऑपरेशन झालंय), नणंद, ११ वर्षांचा मुलगा आणि ३ वर्षांची मुलगी. धाकटी कुणाच्या तरी मांडीवर बसेल असं ठरत होतं.

माझी धास्ती वेगळी आहे. मागच्या पावसाळ्यात मावशीकडच्या गाडीने पलटी खाल्ली. डावीकडची चाकं साइडपट्टीच्या चिखलात उतरली, मावसभावाने स्टिअरिंग झटक्यात उजवीकडे ओढलं आणि गाडी आडवी होऊन लोळली. पाच जण होते. चौघांनी पट्टे लावले होते, त्यांचं खरचटण्यावर निभावलं. मावशी शेवटच्या सीटवर आडवी होऊन झोपली होती. मागची काच फुटून ती बाहेर फेकली गेली. मणक्याला मार आहे, अजून वॉकर धरून चालते.

तेव्हापासून घरात वाद चाललाय. कुणी म्हणतं ड्रायव्हरच्या मागची सीट सगळ्यात चांगली, कुणी म्हणतं मधली. गाडी पलटी झालीच तर कुठल्या सीटला कमी धोका असतो? जाणकारांनी कृपया सांगावं.

बारापाना
ड्रायव्हरच्या मागची. ड्रायव्हर स्वतःची बाजू आपोआप वाचवतो असं लहानपणापासून ऐकतोय.

लोखंडीसांगाडा
बारापाना, समोरून गाडी येत असेल तर ते कदाचित चालेल. पलटी होताना ड्रायव्हरच्या हातात काही उरलेलं नसतं.

मी गाड्यांच्या बॉडीचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कोयनाकाठताई, तुमच्या मावसभावाने स्टिअरिंग उजवीकडे ओढलं, म्हणजे गाडी डाव्या कुशीवर गेली असणार. अशा वेळी छपराची डावी कड आधी जमिनीला लागते. पण गाडी अजून फिरत असते, त्यामुळे ती कड बरेचदा घासून पुढे निघून जाते. मग उजवी कड वरून फिरून खाली येते आणि गाडीचं वजन तिच्यावर आदळतं. म्हणून गाडी ज्या कुशीवर जाते, तिच्या विरुद्ध बाजूला बसलेल्यांना डोक्याचा आणि मानेचा मार जास्त बसण्याचा धोका असतो. तुमच्या त्या अपघातात ही बाजू उजवी, म्हणजे ड्रायव्हरची आणि त्याच्या मागच्या माणसाची.

पण त्याच मावसभावाने घाबरून स्टिअरिंग पुन्हा डावीकडे फिरवलं असतं, तर गाडी उजव्या कुशीवर गेली असती आणि सगळं हिशोबाला उलटं झालं असतं. घरून निघताना हे कुणाला कळणार? त्यामुळे डावी की उजवी यावर डोकं शिणवू नका.

रांगेने मात्र फरक पडतो. तुमच्या गाडीसारख्या गाड्यांत शेवटच्या रांगेत मोठ्या माणसाचं डोकं छपराच्या फार जवळ येतं, आणि पाठीमागे लगेच डिकीची काच असते. डोकं आणि छप्पर यांत चार बोटं जागा असली तरी पट्ट्याला थोडी ढील राहते आणि उलटं झाल्यावर माणूस तेवढा खाली सरकतो. १९८० च्या दशकात जनरल मोटर्सने मालिबू गाड्या मुद्दाम उलटवून चाचण्या केल्या होत्या. मान छप्पर चेपल्यामुळे मोडते की माणूस छपरावर जाऊन आपटल्यामुळे, हा वाद त्यावरून पुढे कित्येक वर्षं चालला. दोन्हींतलं काहीही खरं असो, डोक्यावर जागा असलेली बरी. अमेरिकेने २००९ मध्ये नियम कडक केला. आधी गाडीच्या वजनाच्या दीडपट भार छपराने पेलायचा होता, तो हलक्या गाड्यांसाठी तिप्पट केला. आपल्या भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या चाचणीत, समोरची, बाजूची आणि खांबावरची धडक तपासतात. गाडी उलटवून बघत नाहीत. तेव्हा पाच तारे असले तरी ते पलटीसाठी मिळालेले नाहीत.

रानजाई
मी अस्थिरोग विभागात परिचारिका आहे, बावीस वर्षं झाली. ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. चौघं गाडीत राहिले, पाचवी बाहेर गेली.

सीट कुठली हे नंतर बघू. पलटीत माणसं दगावतात ती जास्त करून पट्टा नसल्यामुळे, बाहेर फेकली गेल्यामुळे. अमेरिकेचे आकडे बघा: एकूण अपघातांत पलटीचे शंभरात दोन-तीन, पण गाडीत बसलेल्यांच्या मृत्यूंत पलटीचा वाटा जवळपास एक तृतीयांश. आणि जीवघेण्या अपघातांत जे पूर्ण बाहेर फेकले जातात, त्यांच्यातले चारात तीन किंवा त्याहून जास्त दगावतात.

आता तुमच्या माणसांचं. तीन वर्षांची मुलगी कुणाच्याही मांडीवर नको. तुम्ही कितीही घट्ट धरा, धक्क्यात ती हातात राहत नाही. तिला चाइल्ड सीट हवीच, आणि ती मधल्या रांगेत. लहान मुलांसाठी मागच्या बाकाची मधली जागा कडेच्या जागांपेक्षा चांगली, असं २००८ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासातही दिसलं होतं. पण तो सगळ्या प्रकारच्या अपघातांचा अभ्यास आहे, आणि मधे चाइल्ड सीट नीट घट्ट बसली तरच त्याला अर्थ. आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायचे, हूक बहुधा कडेला असतात. मधे ढिली बसत असेल तर सरळ कडेला लावा.

आईंना पुढे, ड्रायव्हरशेजारी बसवा. चढ-उतार सोपा पडतो. पण सीट मागे पाडून झोपू देऊ नका. पाठ आडवी झाली की खांद्याचा पट्टा अंगापासून सुटतो आणि माणूस खालून निसटतो. कमरेचा पट्टा पोटावर नको, खुब्याच्या हाडांवर खाली बसू दे. साडीतल्या बायका पदर चुरगळतो म्हणून पट्टा काखेतून घेतात. मी हे रोज बघते, आणि त्यामुळे मोडलेल्या बरगड्याही बघते.

पश्चिमवारा
थोडं विरुद्ध मत. २०१८ मध्ये आंबेनळी घाटात दापोली कृषी विद्यापीठाच्या लोकांची बस दरीत गेली, तेव्हा जो एकच माणूस वाचला तो बसमध्ये नव्हता, बाहेर पडला होता. पट्ट्याने बांधलेला माणूस दरीत गाडीबरोबरच जाणार. माझे वडील याच कारणाने घाटात पट्टा काढतात.

रानजाई
पश्चिमवारा, वडिलांची भीती मला कळते. पण खोल दरीत बस जाणं आणि गाडी रस्त्याकडेला लोळणं यांत फार अंतर आहे. घाटातल्या सगळ्या पलट्या दरीत होत नाहीत. चर, कठडा, आतल्या बाजूची दरड इथेही गाड्या उलटतात. तिथे बाहेर पडणारा माणूस स्वतःच्याच गाडीखाली येतो. वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि पट्टा लावायला सांगा.

तिसरा_गिअर
मी स्वतः उलट्या गाडीत लटकलोय, वरंध घाटाच्या अलीकडे. सगळ्यात आधी आठवतो तो आवाज. मग एकदम शांतता, आणि पेट्रोलचा वास. मी पट्ट्याला टांगलेला, केस छपराला लागलेले. बायकोच्या कपाळावर स्टीलचा डबा आपटला होता, तिला टाके पडले ते त्या डब्याचे. छप्पर तिच्या बाजूला शाबूत होतं.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. डबे, नारळ, पाण्याचा कॅन सीटवर किंवा मागच्या फळीवर मोकळे ठेवू नका. आणि कधी उलटे लटकलात तर घाईने बकल दाबू नका. एक हात छपराला टेका, पाय रोवा, मग दाबा. मी तसंच सोडलं आणि मानेवर पडलो. अपघातात झालं नाही ते तिथे झालं.

लोखंडीसांगाडा
मोलाचं लिहिलंत. सामानावरून राहिलेलं सांगतो: लग्नाचं सामान म्हणून टपावर कॅरिअर लावू नका. वजन जितकं वर, तितकी गाडी उलटायला सोपी. माणसं भरली की तेच होतं. अमेरिकेत पंधरा सीटच्या व्हॅन तपासल्या, तर दहा किंवा जास्त माणसं भरलेल्या व्हॅन उलटण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट निघालं. आठवा माणूस गाडीत कोंबला की त्याला पट्टा नाहीच, शिवाय तो शेजाऱ्यांवर आदळतो. जपानमधला २००२ चा अभ्यास सांगतो की मागचे बिनपट्ट्याचे असले तर पुढच्या पट्टा लावलेल्यांच्या मृत्यूचा धोका सुमारे पाचपट होतो.

एक विचारायचं राहिलं. गाडीला बाहेरून सीट कव्हर घातलीत का? शेवटच्या रांगेची बकलं हमखास त्याखाली दबलेली असतात.

कोयनाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुम्ही म्हणालात म्हणून काल रात्री नवऱ्याने मागचं कव्हर उसवलं. दोन्ही बकलं खाली सापडली, चार वर्षं गाडी वापरतोय आणि आम्हाला ती कधी दिसलीच नव्हती. एकात चिक्कीचा तुकडा अडकलाय, ते लागत नाही. शोरूमला दाखवून घेते. मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा आहे.

असं ठरवलंय: पुढे नवरा आणि आई. मधे कडेला चाइल्ड सीटमध्ये धाकटी, दुसऱ्या कडेला सासूबाई, आणि मधे मी, कमरेच्या पट्ट्यावर. सासरे उंच आहेत, मागे त्यांचं डोकं टेकतं. नणंद म्हणाली मी स्वारगेटवरून एसटीने येते, पण सासऱ्यांना मागेच बसावं लागेल का?

रानजाई
नको. सासऱ्यांना मधल्या रांगेत कडेला बसवा. सासूबाई ठेंगण्या असतील तर त्या मागे, नातवाशेजारी. डोक्याच्या उशा वर ओढायला विसरू नका. नातवाचा पट्टा मानेवर घासत असेल तर त्याला बूस्टर लागेल, निघण्याआधी बसवून बघा.

नणंदेला सांगा, एसटीत चढल्यावर 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' कुठे लिहिलंय ते बघून मगच बसायचं. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बस उलटली ती दाराच्या बाजूवर. दार खाली गेलं, बसने पेट घेतला, २५ माणसं गेली. वाचले त्यांनी खिडकीची काच फोडली होती.

कोयनाकाठ
ती आत्ता माझ्याशेजारीच वाचतेय. सासूबाई मागे बसायला तयार आहेत, फक्त पट्टा पदरावरून घ्यायचा की पदराखालून, ते विचारतायत.

रानजाई
पदर आधी नीट खोचून घ्या. पट्टा त्याच्यावरून, खांद्याच्या मधोमध, सपाट. पीळ पडला नाही ना ते तुम्ही स्वतः हात फिरवून बघा. पाटणला चहाला थांबाल तेव्हा पुन्हा एकदा बघा.