मदत हवी आहे : टेक्सासच्या हायस्कूलमधल्या लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) मुलींचं बुडणारं क्रेडिट

नमस्कार मंडळी. टेक्सासमध्ये शिक्षक किंवा काउन्सेलर असलेल्यांसाठी हा प्रश्न आहे.

आमच्या शिकवणीतल्या मुली हुशार आहेत. धाकट्या भावंडांना प्राथमिक शाळेत सोडून त्या हायस्कूलला पोचतात तोवर पहिला तास संपलेला असतो. आईसोबत दवाखान्यात दुभाषी म्हणून जायचं, तेही यांनीच. हजेरी प्रत्येक विषयाची वेगळी मोजली जाते आणि क्रेडिटला, म्हणजे विषय पूर्ण केल्याची नोंद मिळायला, ९० टक्के लागते. ८५ दिवसांच्या सत्रात नववी गैरहजेरी लागली की संपलं. पहिल्या तासाला बीजगणित असेल तर नेमकं तेच बुडतं, आणि पदवीसाठी २२ क्रेडिट्स तर हवीतच. पोरगी नापास नसते हो, फक्त उशिरा येते!

हजेरी ७५ ते ९० टक्क्यांमध्ये असेल तर प्रिन्सिपलने मंजूर केलेली, बुडालेला अभ्यास भरून काढायची योजना पूर्ण करून क्रेडिट मिळतं. अटेंडन्स कमिटीकडे अर्जही करता येतो. पण घरी पत्र इंग्रजीत आलं तर ते वाचून सांगणारी तीच मुलगी, त्यामुळे मुदत टळते.

विचारायचं ते असं : भावंडांची जबाबदारी हे कारण कमिटीपुढे मांडताना कोणते कागद जोडावेत? बीजगणित सत्राच्या मध्येच तिसऱ्या तासाला हलवून घेता येतं का, आणि विनंती आधी कुणाकडे करायची? स्पॅनिशमधला अर्जाचा नमुना असेल तर कृपया इथे टाका. सत्र संपायच्या आत हवा आहे.