दोन्ही माद्याच आहेत, मग ऑपरेशन कशाला?

गंगापूर_रोडकर
काल इथे कुणीतरी लिहिलं, "घरात सशाच्या दोन माद्या, पाच महिन्यांच्या, दिवसभर एकमेकींना चाटत बसतात. नर नाही, पिल्लं होणार नाहीत. मग पोट कापून गर्भाशय-अंडाशय काढून घ्यायचं खूळ कशाला?" त्यावर धडाधड अंगठे पडले. ते बघून राहवलं नाही.

नर नसला तरी सशाच्या मादीचं बीज सुटतं. दुसरी मादी पाठीवर चढली तरी पुरतं. मग खोटं गाभणपण येतं आणि सोळा-सतरा दिवस चालतं. छातीचे केस उपटायचे, तोंडात गवताचा भारा धरून कोपऱ्यात घरटं करायचं, आणि जोडीदारीण जवळ आली की फिस्कारून अंगावर धावायचं. जोड्या फुटतात त्या इथे. आज चाटतायत, कारण बहुधा अजून पुरत्या वयात आलेल्या नाहीत. शिवाय गर्भाशयाचा कॅन्सर. वय तीन-चार वर्षांच्या पुढे गेलं की धोका झपाट्याने वाढतो आणि गाठ फुप्फुसात जाते. लघवीत रक्त दिसेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो.

म्हणून सहाव्या महिन्याच्या आसपास दोघींचं करा, आणि एकाच दिवशी करा. एकीचं आज, दुसरीचं महिन्याने केलंत तर दवाखान्याचा वास घेऊन आलेलीला घरची ओळखत नाही. वर एकीचे हार्मोन उतरलेले, दुसरीचे चढलेले.

सिडको_७
ते "८० टक्के माद्यांना कॅन्सर" अजून आलं नाही, आश्चर्यच. तो आकडा जुन्या काळच्या पैदास-कळपातल्या, ठरावीक जातींच्या, वय झालेल्या माद्यांचा आहे. सरसकट सगळ्यांना चिकटवू नका.

आता दुसरा आकडा बघा. ब्रिटनमधल्या २००८ च्या मोठ्या पाहणीत भुलेमुळे दगावण्याचं प्रमाण धडधाकट कुत्र्यांत ०.०५ टक्के होतं, धडधाकट सशांत ०.७३. तेही तिथे, जिथे ससा रोज टेबलावर येतो. आपल्याकडे कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर "बघू, करून टाकू" म्हणतो. दोन जीव एकाच दिवशी पणाला लावायचे?

आणि दोघी एकाच पिंजऱ्यात ठेवल्या तर लेंड्या कुणी टाकल्या, कळणार कसं? एकीचं आतडं थांबलेलं असेल आणि दुसरीच्या लेंड्या मोजून तुम्ही निवांत झोपाल.

गंगापूर_रोडकर
आकडा मी दिलाच नव्हता, पण असो. लेंड्यांचा मुद्दा खरा आहे, अनिच्छेने मान्य. उपाय सोपा: पहिली रात्र एकाच पिंजऱ्यात मधे जाळी. नाकाला नाक लागेल पण टाके चाटता येणार नाहीत. दोन टॉवेल, दोन ट्रे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर सकाळ-संध्याकाळ दोघींची वेगवेगळी वजनं. आधी लेंड्या बारीक, मिऱ्याएवढ्या पडतील, त्या चालतील. बारा तास काहीच नाही आणि खाणंही नाही, तर डॉक्टरला उठवा.

गळ्यात प्लास्टिकची कॉलर नको. रात्रीच्या मऊ लेंड्या, द्राक्षाच्या इवल्या घडासारख्या, ससा थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. कॉलर घातली की तेही बंद.

पंचवटी_ससेवाला
ऑपरेशन राहू द्या, आधी खायला काय घालता ते सांगा. अर्ध्या नाशिकचे ससे लसूणघासावर जगतायत. सशाचं आतडं गरज असो-नसो कॅल्शियम शोषतं आणि जास्तीचं लघवीतून टाकतं. पांढरा चिखल पडतो तो त्याचाच. ससा सहा महिन्यांचा झाला की लसूणघास बंद!

निफाडचा
मग घालायचं काय? परदेशी टिमोथी गवताच्या पिशवीचा भाव बघितलाय का? आमच्याकडे बांधावर गवत, गोठ्यात कडबा. ससाच आहे, राजहंस नाही.

पंचवटी_ससेवाला
टिमोथीच घ्या असं म्हटलंय कुठे? वाळलेलं मारवेल घाला, हरळी घाला. कडबा वाळलेला असेल तर चालेल, पण कोवळी हिरवी ज्वारी अजिबात नको, तिच्यात विष असतं, गुरं मरतात तर सशाचं काय. आणि द्राक्षाचा पाला फुकट मिळतो म्हणून बागेतून उचलू नका, बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याची, फवारणी त्याच पानांवर असते.

निफाडचा
द्राक्षबागायतदाराला फवारणी शिकवायला आलात. धन्य.

सिडको_७
गवतावरून मारामाऱ्या झाल्या असतील तर ऑपरेशनकडे या. "रात्रीपासून उपाशी ठेवून आणा" असं डॉक्टर म्हणाला तर काय करायचं?

गंगापूर_रोडकर
तिथूनच उठायचं. सशाला उलटी होत नाही, त्याला उपाशी ठेवायचं कारणच नाही. उलट आतडं थांबतं. टेबलावर जाण्याच्या तास-दोन तास आधीपर्यंत गवत समोर हवं. अजून तीन प्रश्न विचारा: वर्षात किती ससे केले, भुलेचा आयसोफ्लुरेन गॅस आहे का, नंतर दुखण्यावर काय देणार. मेलॉक्सिकॅम म्हणाला तर बरं. "दुखत नसतं हो त्यांना" म्हणाला तर दार बघा. आणि तोंडाने अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर चिठ्ठी तिथेच परत करा. पोटातले चांगले जंतू मरतात आणि ससा जुलाबाने जातो.

त्याआधी दोन्ही माद्याच आहेत ना, हे त्याच्याकडूनच तपासून घ्या. दुकानदाराच्या "दोन माद्या" तीन महिन्यांनी नर निघतात.

सिडको_७
नाशिकात असा डॉक्टर नाही मिळाला तर? मुंबई, म्हणजे कसारा घाट, चार तास, आणि परतताना पोटात ताजे टाके.

गंगापूर_रोडकर
मग मुंबईत एक रात्र मुक्काम. दोघी एकाच पेटीत, मधे जाळी, खाली जाड टॉवेल, घरचंच गवत. एप्रिल-मे सोडा, पारा चाळिशीला टेकतो आणि सशाला तिशीतच धाप लागते. डिसेंबर-जानेवारीत करा, पण भुलेतून उठताना अंग गार पडतं, पोटावरचे केसही काढलेले असतात; गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा. खात नसेल तर गोळीखाद्य कोमट पाण्यात भिजवून, वाटून, पातळ करून सिरिंजने. पुढच्या दातांमागे जी मोकळी जागा असते तिथून, बाजूने, एका वेळी एक मिली. चावून गिळू द्या, मग पुढचा. समोरून ढकललंत तर फुप्फुसात जातं.

सिडको_७
ठीक. डॉक्टर तुमच्या तिन्ही प्रश्नांत पास झाला तर करा, नाहीतर नको. एवढ्यावर थांबतो. हार्मोन उतरायला महिना-दीड महिना लागतो हे मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. लोक चौथ्या दिवशी "अजून चढतेय" म्हणून डॉक्टरच्या नावाने ओरडतील.

निफाडचा
हरळी सध्या काय भावाने विकताय, पंचवटीवाले? गणपतीला जुडी बांधून विकता, सशाला सुट्टी देणार का?