स्वतः प्लग आणि ऑईल बदलल्यापासून इंजिनातून टिकटिक येते आहे, आधी काय तपासू?

नवी_चालक

परवा पहिल्यांदाच गाडीचं काम घरी केलं. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे. चारही स्पार्क प्लग, ऑईल आणि ऑईल फिल्टर बदलला. चावी फिरवली आणि टिकटिक सुरू! आधी हा आवाज नव्हता, याची खात्री आहे. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना, स्पष्ट ऐकू येतो, ॲक्सिलरेटर दिला की वेग वाढतो, चढावर तर मोठाच होतो. इंजिन तापलं की थोडा कमी होतो, पण जात नाही. शिवाय सकाळी पहिल्यांदा चालू करताना दोनेक सेकंद वेगळाच खडखडाट होतो.

डॅशबोर्डवर कुठलाही दिवा नाही. ठरावीक जोराने आवळता येणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, नव्हता, त्यामुळे प्लग अंदाजाने आवळले. जास्त पिळले तर आटे जातील ही धास्ती होती. आईला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यायचं असतं, म्हणून विचारते, गाडी चालवू का?

हायवेकर

टॅपेटचा, म्हणजे इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या भागाचा, आवाज वाटतोय. थोडं जाड ऑईल घाला आणि 500 किमी चालवून बघा, बसेल आपोआप.

गोटीपाना

हायवेकर, इथे मी ठामपणे नाही म्हणेन. काल शांत असलेलं इंजिन आज आपण हात लावल्यावर वाजू लागलं, तर टॅपेट नेमके त्याच दिवशी झिजले असं धरू नये. जिथे हात लागला तिथेच आधी बघायचं. आणि जाड ऑईलने आवाज दबला, तर खरं कारण सापडायला उशीर होईल.

ताई, तुमच्या वर्णनावरून एखादा प्लग ढिला राहिलाय असं वाटतं. दाबलेला वायू प्लगच्या बुडाशी असलेल्या फटीतून दर वेळी बाहेर फुटतो, त्याची ही टिकटिक. लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, म्हणून चढावर आवाज मोठा. तापल्यावर धातू फुगून फट थोडी बुजते.

आवाजाचा ठेकाही ऐका. इंजिन मिनिटाला 800 फेरे फिरत असेल, तर एका सिलिंडरची पाळी मिनिटाला 400 वेळा येते, म्हणजे सेकंदाला साधारण सात टिक. तेवढेच असतील तर आवाज एकाच सिलिंडरचा आहे. मात्र एका टॅपेटचा ठेकाही हाच असतो, त्यामुळे नुसत्या कानावर विसंबू नका.

गाडी चालवू नका, हे कळकळीने सांगतो. प्लगची उष्णता त्याच्या बैठकीतून हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, उतरते. बैठक टेकलेली नसेल तर प्लग लाल होतो, मिश्रण वेळेआधी पेटतं आणि पिस्टनला इजा होऊ शकते. फारच ढिला असेल तर प्लग आटे घेऊन उडतोही.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) काढा, प्लगच्या खड्ड्यातला कचरा हवेने उडवा, मग एकेक प्लग उघडा. ज्याच्या बाहेरच्या अंगाला, वायसरजवळ (बुडाशी असलेली धातूची रिंग), काजळी दिसेल तो दोषी. वायसरही बघा. नीट आवळलेल्या प्लगचा चपटलेला असतो, ढिल्याचा नव्यासारखा गुबगुबीत.

बसवताना प्लगच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा अडकवा आणि बोटांनी फिरवा. आधी थोडा उलटा फिरवायचा, आट्याचं तोंड जुळलं की हलकेच खाली बसल्याचं जाणवतं, मग सुलटा. तिरका लागला तर नळी हातात घसरते, पान्याला मात्र ते कळत नाही आणि तो आटे कापत जातो. 14 मिमीच्या वायसरवाल्या नव्या प्लगला ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये आवळायला साधारण 25 ते 30 न्यूटन मीटर जोर (टॉर्क) लागतो, 12 मिमीला 15 ते 20. रेंच नसेल तर बोटांनी टेकेपर्यंत नेऊन पुढे पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. वायसर आधीच चपटला असेल तर जेमतेम 1/12 फेरा. निमुळत्या बैठकीच्या, बिनवायसरच्या प्लगला 1/16 पुरतो. गाडीच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तोच पाळा.

चौथा_गिअर

सकाळच्या खडखडाटाचं कारण वेगळं असावं. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल, तर आत ऑईल मागे वाहू न देणारी एक रबरी झडप असते. ती नसली किंवा निकामी असली की रात्रभरात फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी ऑईलचा दाब तयार व्हायला उशीर लागतो. त्या दोन सेकंदांत वरचे भाग कोरडे वाजतात. फिल्टर काढाल तेव्हा जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिलेली नाही ना, तेही बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर ऑईल अचानक बाहेर फेकलं जाऊ शकतं.

डिपस्टिकवर वरच्या खुणेच्या वर ऑईल नको. क्रँक, म्हणजे इंजिनाचा खालचा फिरता दांडा, त्यात बुडून फेस करतो. आणि ऑईलचा लाल दिवा लागला किंवा खालून जड ठकठक आली, तर तिथेच इंजिन बंद.

नवी_चालक

सापडलं! तिसरा प्लग बोटांनीच सुटला. बुडाशी काळीकुट्ट काजळी आणि वायसर अगदी गुबगुबीत, बाकी तिन्ही चपटे. त्या भोकाच्या आट्यांत कार्बन होता, पाना तिथे अडकला आणि मला वाटलं प्लग बसला. आटे साफ करायचं हत्यार शेजारच्या काकांकडून आणलं, कचरा आत पडू नये म्हणून त्याला ग्रीस लावलं, आणि नळीच्या युक्तीने नवा प्लग बसवला. टिकटिक पूर्ण गेली. डिपस्टिक खुणांच्या मधोमध आहे, रिंगही एकच होती.

आट्यांना चिकटू नये म्हणून लावतात ती पेस्ट बाकीच्या प्लगना लावू का?

गोटीपाना

नको. आजकालच्या प्लगच्या आट्यांवर मुलामा असतो. पेस्टने घर्षण कमी होतं आणि त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो, मग तुम्हाला ज्याची भीती होती तेच घडेल. जुना तिसरा प्लग परत वापरू नका, तो तापलेला असणार. आईंना न्यायच्या आधी एक छोटी फेरी मारून चेक इंजिनचा दिवा बघा. लुकलुकला तर मिसफायर आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, कॉइलचं कनेक्टर टक् करून बसलंय का ते तपासा. तसंच चालवत राहिलात तर न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं.

नवी_चालक

फेरी मारली, दिवा नाही, चढावरही शांत. फिल्टर आडवाच बसतो आणि मी आणलेल्यावर झडपेचा उल्लेख कुठेच नाही. झडपेचा मागवलाय. तो बसवल्यावर सकाळचा आवाज कसा आहे ते इथेच लिहिते.