मदत हवी आहे: पतिपत्नींच्या उत्तरांचे एकत्रित विश्लेषण

पदव्युत्तर प्रबंधासाठी नागपुरातील ६० जोडप्यांकडून मी पंचघटक व्यक्तिमत्त्व चाचणी आणि स्पॅनिअर यांची १९७६ मधील ३२ प्रश्नांची वैवाहिक समायोजन मापनी भरून घेतली आहे (सासूबाईंच्या देखत भरलेले अर्ज आधीच वगळले आहेत). भावनिक अस्थिरता आणि वैवाहिक ताण यांचा संबंध अपेक्षेप्रमाणे दिसतो. परंतु पतिपत्नींची उत्तरे परस्परांशी निगडित असल्याने १२० स्वतंत्र व्यक्ती मानून काढलेला सहसंबंध मला ग्राह्य वाटत नाही. दोघांचे गट वेगळे करून पाहिले, तर जोडीदाराच्या स्वभावाचा परिणामच निसटतो. प्रत्येक जोडप्याला सामायिक क्रमांक दिलेला आहे. मात्र नवी जोडपी मिळवणे किंवा महागडे सॉफ्टवेअर घेणे शक्य नाही. ॲक्टर-पार्टनर प्रारूपासाठी (स्वतःच्या आणि जोडीदाराच्या स्वभावाचा परिणाम एकत्र मोजणारी सांख्यिकी पद्धत) ६० जोडपी पुरेशी ठरतील का, आणि ते ‘आर’ या मोफत सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये कसे मांडावे?